बानाबाईच्या कानाची आयसी

मित्रांनो, मी एक जुनी, जळून गेलेली आयसी, म्हणजे मशीनमधली इलेक्ट्रॉनिक चिप आहे. नखाएवढं काळं अंग आणि आठ बारीक पाय, एवढाच माझा पसारा. क्रांती चौकाजवळ शफीकभाईंचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या भंगाराच्या डब्यातून मी तुमच्याशी बोलते आहे.

कारखान्यात मी पहिल्याच तपासणीत पास झाले होते. त्याचा मला भारी तोरा होता. मग मला कानाच्या मशीनमध्ये बसवलं आणि एका शिबिरात ते डबीसारखं मशीन बानाबाईच्या गळ्यात आलं, त्याची वायर तिच्या कानात गेली. बानाबाई पडेगावच्या माळावर मेंढरं राखायची. बारा वर्षं तिला काही ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदा माझ्यातून तिच्या नवऱ्याचा, मुंजाबाचा आवाज गेला आणि तिच्या डोळ्यांना धारच लागली.

"आवं, तुमचा आवाज लई म्हातारा झाला की!" ती म्हणाली.

ऐकणारं कुणी नाही म्हणून मुंजाबा अबोल झाला होता. आता त्याची टकळी थांबेना. कोणती मेंढी लंगडते, कुठं चारा हिरवा आहे, सगळं तो तिला सांगायचा. त्याचा शब्द न् शब्द मी मोठा करून पोचवायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

बानाबाई मशीन बंद करायला मात्र विसरायची. सेल उतरायचे आणि नव्या सेलसाठी शहर गाठावं लागायचं. मुंजाबाला एक युक्ती ठाऊक होती. टॉर्च पिशवीत चुकून पेटू नये म्हणून तो तिच्यातला एक सेल उलटा घालून ठेवायचा.

एका दुपारी बानाबाई बाभळीखाली लवंडली. मशीन चालूच होतं. मुंजाबाला त्याचं बटण कळत नव्हतं, म्हणून त्यानं मशीन हळूच काढलं आणि सेल उलटा बसवला.

"सेल तरी वाचंल," तो पुटपुटला.

टॉर्चला ते सोसतं, मला सोसलं नाही. करंट उलट्या वाटेनं माझ्यात घुसला. त्याला अडवायची सोय हल्लीच्या मशीनमध्ये असते, आमच्या वेळी ती नव्हती. मी तापत गेले. दुसऱ्याचा आवाज मोठा करणं मला यायचं, स्वतःचा काढणं येत नव्हतं. मी तशीच जळाले.

दुसऱ्या दिवशी दोघं शफीकभाईंकडे आली.

"काका, आयसी उडाली. सेल उलटा कुनी घातला? ये पुराना माल अब मिलता नै."

"म्याच घातला," मुंजाबा म्हणाला. "वाचावा म्हनून."

"काय म्हनतोय त्यो?" बानाबाई विचारत राहिली. "आवं, सांगा की!"

मुंजाबानं तिच्या कानाशी तोंड नेऊन तीनदा ओरडून सांगितलं. रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. बानाबाईनं मान हलवली. तिला काही कळलं नव्हतं.

मित्रांनो, सेल घालताना अधिक-उण्याची खूण बघत जा. समजली नाही तर विचारा, लाजू नका. मुंजाबानं हेळसांड केली नव्हती हो, तो जपायलाच गेला होता. दुकानाची पायरी उतरताना त्यानं बानाबाईचा हात धरला, पण तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.