एकाहत्तरचा थर्मोस्टॅट

घाट चढायच्या शर्यतीत गाड्या एकमेकींशी भिडत नाहीत. एकेक गाडी सुटते, चार किलोमीटरचा चढ चढते, आणि घड्याळात जिची वेळ कमी ती जिंकते. खरा जीव जातो तो खाली रांगेत. इंजिन चालू ठेवून मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहायचं, आपली पाळी येईपर्यंत. आणि नेमकी त्या रांगेतच सूनबाईची पिवळी गाडी सलग तिसऱ्यांदा उकळली.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण सासरे भर मैदानात “सूनबाई, दुसरा गिअर!” असं ओरडायचे, त्यामुळे घड्याळवाल्यापासून झेंडेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. सासरे म्हणजे अण्णा, बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. ही गाडी त्यांनी भंगारातून आणून उभी केली ती खरं तर मुलासाठी. मुलगा शाळेत मास्तर. त्याला तिसऱ्या वळणालाच मळमळायला लागायचं. सुनेला मात्र वळण दिसलं की हुरूप यायचा. लग्नानंतर वर्षभरात किल्ली आपसूक तिच्याकडे गेली, आणि त्यात सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते मास्तरांना.

सरावाच्या दिवशी बॉनेटखालून वाफ निघाली तसं अण्णांनी जाहीर करून टाकलं, “आता एकाहत्तर अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बसवायचा.”

“अण्णा, आधी अठ्ठ्याऐंशीचा होता. तो काढून ब्याऐंशीचा घातला. तरी उकळलीच ना?”

“म्हणूनच म्हणतो. पाणी एकाहत्तरलाच रेडिएटरकडे धावलं की इंजिन गार. इंजिन गार म्हणजे ताकद जास्त. वेगवान गाड्यांवाले सगळे तेच करतात.”

“थर्मोस्टॅट म्हणजे नुसतं दार हो. दार लवकर उघडलं म्हणून पलीकडची खोली थोडीच गार होते?”

“तू दुधाच्या कारखान्यातली. माझी चाळीस वर्षं इंजिनात गेलीत.”

हे वाक्य आलं की वाद मिटला, असं घरात धरून चालायचे. सूनबाई दूध तापवायच्या यंत्रांवरचे तापमापक तपासायची. एखादा अंश इकडचा तिकडे झाला तर टाकीच्या टाकी परत पाठवावी लागते, हे तिच्या रोजच्या कामातलं. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आवाज न चढवता ती म्हणाली, “बसवू की. फक्त मोजून बघू.”

“मोज. मी काय घाबरतो?”

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिघं बंद पडलेल्या दगडाच्या खाणीवर गेले. रखवालदार अण्णांच्या ओळखीचा. खाणीतून वर येणारा रस्ता चढाचा, वळणांचा आणि मोकळा. सूनबाईनं कामावरून मागून आणलेले दोन तापमापक लावले, एक पाण्याच्या नळीला आणि एक इंजिनाच्या तेलात. मास्तर वही आणि घड्याळ घेऊन वरच्या वळणावर उभे राहिले. सकाळी ब्याऐंशीच्या थर्मोस्टॅटवर तीन फेऱ्या झाल्या. मग अण्णांनी तो काढून एकाहत्तरचा बसवला आणि पुन्हा तीन फेऱ्या.

तिसऱ्या फेरीनंतर मास्तर धापा टाकत खाली आले. वही त्यांनी बायकोकडे दिली, वडिलांकडे नाही.

पाणी त्र्याहत्तरवर राहिलं होतं, म्हणजे थर्मोस्टॅट आपलं काम चोख करत होता. पण तेल साठीच्या वर जायलाच तयार नव्हतं. गाडीच्या संगणकाला वाटत होतं इंजिन अजून पुरतं तापलंच नाही, म्हणून तो जास्तीचं पेट्रोल पाजत होता. मागची धुराची नळी काळी पडली होती. आणि वेळ? तिन्ही फेऱ्या सकाळपेक्षा सेकंदभर सावकाश.

“टायर तापले असतील,” अण्णा म्हणाले.

“असतील,” सूनबाई म्हणाली. “आता उभ्या गाडीवर बघू. आपलं दुखणं रांगेतलं आहे.”

गाडी एका जागी चालू ठेवली. सकाळी ब्याऐंशीवर अशीच उभी केली होती तेव्हा आठ मिनिटांत पाणी शंभरावर गेलं होतं. आता अकरा लागली.

“बघ! तीन मिनिटं वाचली की नाही?”

“वाचली. रांग अर्ध्या तासाची असते, अण्णा.”

अण्णा रखवालदाराकडे चहाला निघून गेले. मास्तरांनी बायकोकडे बघितलं, वडिलांच्या पाठीकडे बघितलं, आणि दोघांपैकी चहाच्या बाजूला गेले.

सूनबाई एकटीच वही चाळत बसली. एक गोष्ट तिच्या मनातून जात नव्हती. ब्याण्णव अंशांना पंखा सुरू होतो. म्हणजे तिथून काटा खाली यायला हवा. इथे पंखा सुरू झाला की काटा आणखी भरभर वर चढत होता. दोन्ही वेळा. तिनं गाडी पुन्हा चालू केली आणि पंखा फिरतोय तरी का हे बघायला पुढच्या जाळीसमोर येऊन उभी राहिली. गरम वारा थेट तिच्या गुडघ्यांवर आला.

ती जागीच थबकली. हा पंखा पुढून हवा ओढून घेणारा. तिनं वहीतला कोरा कागद फाडून जाळीला टेकवला. कागद चिकटून बसायला हवा होता. तो उडून चाकापाशी पडला.

पंखा उलटा फिरत होता. इंजिनाचीच गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. पंख्याची मोटर गेल्या हंगामात अण्णांनी बदलली होती, आणि गाडी उकळायला लागली ती तेव्हापासूनच. दोन वायरींची अदलाबदल, एवढंच.

मग बाकीच्या गोष्टी एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे आल्या. अण्णा हल्ली स्क्रू बोटांनी चाचपून निवडायचे. पेपर येऊन तसाच पडलेला असायचा, “त्यात वाचण्यासारखं असतंच काय” म्हणून. सकाळी थर्मोस्टॅटवरचा आकडाही त्यांनी तिच्याकडूनच वाचून घेतला होता, चष्मा पुसायचा राहिलाय या सबबीवर.

तिनं इंजिन बंद केलं. वायरींचा जोड हाताशीच होता. अण्णा चहा पिऊन येईपर्यंत बदलून होईल. गाडी उकळायची थांबेल, अण्णा म्हणतील बघ, एकाहत्तरचा शेवटी लागू पडला, आणि कुणाचं मन दुखणार नाही. तिनं जोड सोडवलासुद्धा. तो हातात धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. याच माणसानं तिच्या गाडीचे ब्रेक बसवले होते, आणि याच माणसानं तिला ते जोडायला शिकवलं होतं. आज वायर गुपचूप बदलली तर उद्या आणखी काय काय गुपचूप तपासत बसणार? तिनं जोड होता तसा परत लावला.

अण्णा आले. तिनं इंजिन चालू केलं, पंखा सुरू व्हायची वाट बघितली आणि म्हणाली, “अण्णा, जरा इकडे हात धरा.”

अण्णांनी जाळीसमोर तळवा धरला. चाळीस वर्षांच्या हाताला दुसरं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी तळवा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि चाकाशेजारच्या दगडावर जाऊन बसले.

“निळी आणि काळी,” ते हळूच म्हणाले. “मला दोन्ही सारख्याच दिसल्या.”

“मग मला हाक मारायची ना.”

“मारली असती तर तू या गाडीत परत बसली असतीस?”

मास्तर मागे उभे होते. बापालाही कशाची भीती वाटते, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते तोंड उघडणार होते, पण सूनबाईनं मानेनंच थांबवलं.

“ब्रेक तुम्हीच केलेत ना?” तिनं विचारलं.

“ब्रेक मी हातानं करतो, डोळ्यांनी नाही.” आणि पुढे म्हणाले, “तरी तू एकदा बघून घे.”

“बघते. तुम्ही शेजारी बसा, मी काय बघते ते सांगत राहीन. चुकलं तर बोला.”

वायरी अण्णांनीच बदलल्या. रंग तिनं सांगितले, बोटं त्यांची. दोन मिनिटांचं काम. मग ब्रेकच्या नळ्या, चाकांचे बोल्ट, एकेक करून सगळं. एकही ढिलं निघालं नाही, तेव्हा अण्णांच्या पाठीचा कणा थोडा सरळ झाला.

“आता अठ्ठ्याऐंशीचा लावून बघू?” तिनं विचारलं. मूळचा थर्मोस्टॅट अण्णांच्या पेटीतच होता.

“लाव. बघूच.”

गाडी अर्धा तास उभी राहिली. ब्याण्णवला पंखा लागायचा, काटा खाली यायचा, पंखा थांबायचा. मास्तर दर मिनिटाला आकडा लिहीत होते आणि प्रत्येक आकड्यागणिक त्यांचा आवाज मोठा होत होता. मग चढावरच्या फेऱ्यांत तेल ऐंशीच्या घरात राहिलं आणि वेळ सकाळपेक्षाही अर्ध्या सेकंदानं सुधारली.

“सुलट्या पंख्यावर एकाहत्तरचाही एकदा बघितला असता,” अण्णा पुटपुटले. सूनबाईनं हसून पाना पुढे केला. तेही करून झालं. उकळली नाही, पण तेल पुन्हा गार, वेळ पुन्हा सकाळपेक्षा सावकाश. अण्णांनी तो थर्मोस्टॅट पुडक्यात घातला आणि म्हणाले, “ठीक आहे. दुधाच्या कारखान्यात शिकवतात बरं.”

पुढच्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, आणि तोही चांगला पिकलेला. “इतके दिवस कसं चालवलंत?” त्यांनी विचारलं. “सवयीनं,” अण्णा म्हणाले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन शर्यतीच्या महिनाभर आधी झालं. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा सुनेकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “तुझे केस पांढरे व्हायला लागलेत की!” त्यावर मास्तर दिवसभर हसत होते.

शर्यतीच्या दिवशी अण्णा काळा चष्मा लावून रांगेच्या कडेला खुर्ची टाकून बसले. पस्तीस मिनिटांच्या रांगेत पिवळ्या गाडीचा काटा ब्याण्णवच्या वर गेला नाही. सूनबाई चढ चढली आणि तिच्या गटात तिसरी आली. गेल्या खेपेला ती नववी होती. ती खाली आली तेव्हा अण्णा खुर्चीवरून उठून उभे होते, आणि शेजारी एक लाल टोपीवाला स्पर्धक त्यांना विचारत होता, “अण्णा, खरं सांगा, किती अंशांचा थर्मोस्टॅट बसवलात?”

“मूळचाच. अठ्ठ्याऐंशीचा.”

“जाऊ द्या हो! सांगायचं नसेल तर नका सांगू. मी तर एकाहत्तरचा मागवलाय.”

“का? उकळते?”

“उकळते.”

“मग आधी का उकळते ते शोध. तुझं इंजिन जोरात चालवल्यावर आतून ठकठक करत असेल, आणि पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीची वेळ त्याप्रमाणे बदलून घेणार असशील, तर गार थर्मोस्टॅटचा थोडाफार उपयोग आहे. नुसता बसवून काही नाही. मी बसवलाय, म्हणून सांगतो.”

“तुम्ही बसवला होता?”

“चल, गाडी कुठे आहे तुझी? बघू दे,” अण्णा म्हणाले, आणि त्याच्या पुढे दोन पावलं, कुणाचा हात न धरता, चालायला लागले.

मास्तर सामान आवरून गाडीपाशी उभे होते. “आता तासभर तरी येत नाहीत,” ते बायकोला म्हणाले. सूनबाईनं हेल्मेट काढलं, ते मांडीवर घेऊन ती अण्णांच्या रिकाम्या खुर्चीत बसली, आणि पुढच्या गाडीची वेळ किती लागते ते ऐकायला लागली.