काचेतला बाबुलाल

मेलेल्या माणसानं कसं, चिंचेवर बसावं, फार तर तळ्याच्या पाळीवर दिसावं. बाबुलाल मात्र कुंताला मायक्रोस्कोपमध्ये दिसायचा. आता ह्याला काय म्हणावं?

मुलचेऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात कुंता रक्त तपासायची. बाबुलाल जवळच्या गावचा, तळ्यात जाळं टाकून पोट भरणारा. एकदा तो तापानं फणफणत आला. झटपट तपासणीच्या किट संपलेल्या, लाइन येऊन-जाऊन. कुंतानं घाईत चाळीसच्या लेन्सनंच त्याच्या रक्ताची काच पाहिली. शंभराची फिरवली नाही, तेलाचा थेंब टाकला नाही, आणि मलेरिया नाही म्हणून मोकळी झाली. ताप डोक्यात चढला नि गडचिरोलीच्या वाटेवरच बाबुलाल गेला. मग तिनं तीच काच शंभरावर लावली. लाल खडा बसवलेल्या अंगठीसारखी मलेरियाची निळी कडी, जिकडे पाहावं तिकडे. तिला कोणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला खात होतं.

तेव्हापासून त्या गावची कुणाचीही काच लावली की बाबुलालची ती कडी हजर. डोळे चोळून पाहावं, पाणी मारून पाहावं, हा बाबा जागचा हलत नाही. आपलं पाप आपल्याच डोळ्यांत बसलं, अशी तिची खात्रीच पटली. मेलेल्याच्या नादानं जित्यांना गोळ्या कशा चारायच्या? ती 'नाही' लिहायची आणि काच पेटीत ठेवून द्यायची. मायक्रोस्कोपच्या मानेला तिनं काळा दोराही बांधला.

"बाई, हे काय करून राह्यल्या?" गावोगावचं रक्त गोळा करून आणणाऱ्या सुनिलनं विचारलं.

"नजर लागते मशीनले," ती म्हणाली. तो बिचारा हसून गेला.

मग एका दुपारी बाबुलालची बायको रुखमा आली, घोंगडी पांघरून, दात वाजत. कुंतानं तिचं बोट टोचलं, काच वाळवली, रंगवली, तेल टाकलं, शंभराची लेन्स फिरवून बसवली. कडी होतीच. आला, बायकोला पाहायला आला, असं वाटून तिनं लेन्सवरून डोळा उचलला.

"काऊन थांबल्या, बाई? नाई ना काही?" रुखमानं विचारलं.

'नाई' अगदी जिभेवर आलं होतं. पण ह्याच घरात दुसऱ्यांदा तो शब्द तिच्यानं बोलवेना. शिकताना पहिल्याच महिन्यात घोकलेलं तिनं आता भीतभीत करून पाहिलं. डोळ्याजवळची लेन्स गोल फिरवली. घाण तिथं असती तर ठिपका सोबत फिरला असता. फिरला नाही. खालची लेन्स पुसली, म्हणजे आधीच्या काचेचं रक्त तेलासोबत चिकटलेलं असलं तर जाईल. नवं तेल टाकलं. कडी होतीच. मग काच हळूच सरकवली, तशी कडीही काचेसोबत सरकली.

म्हणजे डोळ्यात काही नव्हतं. कडी रुखमाच्या रक्तात होती.

"आहे, रुखमा. मलेरिया आहे. आत्ताच्या आत्ता गोळ्या घे," ती म्हणाली. तिनं समोर बसवून गोळ्या दिल्या, वर पाणी पाजलं. किती दिवसांनी तिला हलकं वाटलं. बाबुलाल नव्हताच, बिचारा कधीच आला नव्हता.

आणि मग तिची नजर पेटीकडे गेली.

पहिली काच त्याच गावच्या लटारूची, तिनं 'नाही' लिहिलेली. लावली, सरकवली, कडी सरकली. दुसरी सोमारीची. तीही तशीच. पुढच्या काचा तिनं उभ्यानंच पाहिल्या, बसायचं सुचलंच नाही. गोळ्या पिशवीत कोंबून ती बाहेर धावली. सुनिल गाडी पुसत होता.

"सुनिलभाऊ, गाडी काढा. आधी लटारूकडं."

सुनिलचा हात थांबला. "लटारूच्या गोळ्या राहू द्या, बाई. कालच त्याच्या मातीले जाऊन आलो मी."

कुंता पिशवी छातीशी धरून मागं बसली.

"सोमारीकडं घ्या," ती म्हणाली. "आन् जोरात हाणा."