द्वारकाबाईचा मणी

बद्रीनाथला कष्ट सोडून बाकी सगळं सुचायचं. यंदा मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्याला जमिनीतलं सोनं दिसायला लागलं होतं, आणि ते काढायला त्याला वाटूरच्या राधेश्याम भंगारवाल्याकडचं जुनं मेटल डिटेक्टर हवं होतं. म्हैस विकून आलेले पैसे मात्र बायकोच्या, कौसल्याच्या, खात्यात होते. तिनं हो म्हटल्याशिवाय मशीन येणार नव्हतं, म्हणून आठवडाभर तो तिच्याशी गोड बोलत होता. नवरा गोड बोलायला लागला की आपले डबे झाकून ठेवावेत, एवढं ती पंचवीस वर्षांच्या संसारात शिकली होती.

"पर सोनं हाय कुठं?" तिनं जेवताना विचारलं.

"मसणवट्यात," भाजीचा भाव सांगावा तसं तो म्हणाला. "परतेकाच्या तोंडात सोन्याचा मणी ठिवतात का न्हाई? माणूस जळून जातंय, मणी मातीत ऱ्हातोय. कुनाच्या बापाचा हाय तो?"

"ज्याच्या त्याच्या बापाचाच हाय की," कौसल्या म्हणाली आणि तिनं अर्धी भाकर तशीच सारली. त्यानं तीही खाल्ली.

रविवारी सकाळी राधेश्याम मशीन पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन शेतात आला. पोतं सोडलं तसा आंबूस वास सुटला. मुठीवर कुणाकुणाच्या घामाची काळी पुटं चढली होती आणि कानाला लावायच्या हेडफोनच्या स्पंजवर पिवळा मळ होता. राधेश्यामनं तो शर्टाला पुसून "ऐका वहिनी" म्हणत तिच्यापुढं केलं. ती दोन पावलं मागं सरली.

मग त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि मोठ्या कौतुकानं उघडली. आत काळपट मणी होते, मंगळसूत्राची अर्धी वितळलेली एक वाटी होती आणि सोन्याची टोपी बसवलेली एक दाढ होती. माणसाची दाढ, मुळासकट. "एका म्हैन्याची कमाई हाय," तो म्हणाला. कौसल्यानं तोंड फिरवलं. बद्रीनाथनं मात्र ती दाढ दोन बोटांत धरून उन्हात फिरवून पाहिली.

"मशीन बराबर चालतं का, ते आधी बघा," राधेश्याम म्हणाला. "सोनं नक्की हाय आसं एखांदं ठिकान दावा."

असं एक ठिकाण होतं. चार महिन्यांपूर्वी सासू, द्वारकाबाई, गेली. हल्ली गावात राख नदीत सोडत नाहीत, शेतात पुरून वर झाड लावतात. द्वारकाबाईची राख कौसल्यानं बांधाजवळच्या खड्ड्यात स्वतःच्या हातांनी ओतली होती आणि वर आंब्याचं रोप लावलं होतं. सासूशी तिचं जन्मात कधी फार पटलं नाही, पण शेवटची तीन वर्षं हगणं-मुतणं तिनंच काढलं. म्हातारीनं एकच मागितलं होतं, "मला रिकाम्या तोंडानं धाडू नकू, बाई." कौसल्यानं शब्द दिला. म्हातारी गेली त्या दिवशी तिनं आपल्या गळ्यातल्या पोतीतला एक मणी तोडून बद्रीनाथच्या हातात दिला. तोंडात ठेवायचं काम लेकाचं असतं.

"त्या आंब्याखाली बघा," ती म्हणाली. आईच्या राखेवर मशीन फिरताना बघून तरी याला लाज वाटेल आणि हा स्वतःच नको म्हणेल, असा तिचा हिशेब होता.

बद्रीनाथचा चेहरा उतरला. "आईला कशाला तरास? दुसरीकडं बघू."

कौसल्याला बरं वाटलं. उशिरा का होईना, माणूस जागा झाला म्हणायचा. पण राधेश्याम तोवर रोपाजवळ पोचलाही होता. त्यानं आळ्याभोवती तीनदा मशीन फिरवलं. मशीन चिडीचूप. त्यानं कानातली बाळी काढून मूठभर मातीखाली दाबली, तसं ते केकाटलं. बाळी काढली, पुन्हा गप्प.

"बाळी मोठी हाय, मणी बारीक," कौसल्या म्हणाली. "राख म्या वतलीय हितं, मणी हितंच हाय. ह्याला गावत न्हाई म्हंजी मशीन निकामी हाय. घिऊन जा."

राधेश्याम पोतं उचलायला वाकला. हाती आलेलं मशीन परत चाललेलं पाहून बद्रीनाथला राहवेना.

"मशीन खराब न्हाई," तो म्हणाला.

"तुमाला काय म्हाईत?"

"मणी न्हाईच तिथं. म्या ठिवलाच न्हवता." मग हे फारसं काही नाही असं दाखवत त्यानं पुढं सांगितलं, "मातीतच जायचा होता ना?"

त्यानं कमरेची चुन्याची डबी काढली. नखानं आतला चुना खरवडला आणि तंबाखूच्या चुऱ्यात माखलेला मणी तळहातावर घेतला. राधेश्यामनं तत्परतेनं त्यावर मशीन धरलं. ते केकाटलं.

"बघा वहिनी," राधेश्याम खूश होऊन म्हणाला, "म्या म्हनलं न्हवतं, मशीन बराबर हाय?"

कौसल्या नवऱ्याच्या हाताकडे बघत राहिली. चार महिने हा माणूस त्या डबीतला चुना खात होता. त्याच हातानं त्यानं आईच्या तोंडात पाणी सोडलं, त्याच हातानं दहाव्याला पिंड ठेवला, आणि रोज तिच्या ताटाशेजारी बसून जेवला. तिला त्याची इतकी किळस आली की रडूसुद्धा येईना.

"धुऊन घी," तो म्हणाला, "पोतीत ववून टाक."

"मेल्याच्या नावानं काढलेलं उंबऱ्याच्या आत न्यायचं नसतं."

"मंग हितंच पुरू का?" त्यानं विचारलं आणि राधेश्यामकडे पाहिलं. राधेश्यामचा अंगठा अजून बटणावरच होता. बद्रीनाथनं मूठ मिटली.

"तोंडात ठिवायचा होता ना? ठिवा मंग," कौसल्या म्हणाली. "आईच्या ठिवला न्हाई, सोताच्या ठिवा. तुमच्या टायमाला लेक ठिवील, ह्याचा भरवसा धरू नका. लेक तुमचाच हाय."

आवाज चढवला नव्हता तिनं. बद्रीनाथनं मूठ उघडून मणी पाहिला. टाकवत नव्हता, पुरवत नव्हता, घरी नेता येत नव्हता. शेवटी त्यानं चुन्यासकट मणी तोंडात टाकला. कौसल्यानं तोंडाला पदर लावला आणि ती गावाकडं चालू लागली; तो मागोमाग निघाला.

पारावर तातेराव बसला होता. बद्रीनाथचा चुलतभाऊ, द्वारकाबाईला खांदा दिलेल्यांपैकी एक. मशीनची बातमी गावभर झालेलीच होती.

"काय बद्री, जमलं का मशीनचं?"

बद्रीनाथनं नुसती मान हलवली. गाल फुगला होता आणि ओठाच्या कडेनं चुन्याचा पांढरा ओघळ आला होता.

"बोलंना का झाला ह्यो, वहिनी?"

कौसल्या थांबली. पारावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "त्यांला बोलता येत न्हाई, भाऊजी. तोंडात आईचं सोनं हाय."