दोन बोटं सैल

बाबा मासळीचा भाव विचारावा तशा आवाजात बोटवाल्या भोंग्याला वाऱ्याबद्दल विचारत होते, तेवढ्यात मी त्यांचं शीड मुद्दाम दोन बोटं सैल बांधलं.

विंडसर्फिंगमध्ये बोर्डवर उभं राहून शीड हातांनी पेलायचं असतं. त्या शिडाला खालच्या टोकाशी एक दोर असतो. तो शिडाला डोलकाठीच्या बुंध्याकडे ओढून धरतो. पुरेसा ओढला तर शिडाचा माथा जरा मोकळा राहतो आणि जोराचा झोत आला की वरून निसटून जातो. दोन बोटं कमी ओढला तर पाहणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही, पण प्रत्येक झोत सरळ हातांत उतरतो. कसलेल्या माणसाचेही खांदे दहा मिनिटांत भरून येतात. हे मला बाबांनीच शिकवलं होतं. "पुरे झालं असं वाटलं की आणखी दोन बोटं ओढायचं, ठमे."

मी वजनकाटे तपासते. दुकानांचे, दवाखान्यांचे. काटा खरं सांगतो की नाही ते पाहून सही करते. दोर कुठे किती सोडायचा याचा हिशेब मी आदल्या दिवशी ऑफिसात बसून केला होता.

कल्पना आईची होती. महिन्यापूर्वी बाबा शीड घेऊन गेले ते खाडीच्या समोरच्या काठाला लागले आणि एका अनोळखी बाईला घराचा पत्ता विचारत बसले. पत्ता वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हा दोघींना बाजूला घेऊन सांगितलं, की विसरणं आता वाढत जाईल. येताना आई रिक्षात म्हणाली, "डोकं चालत नाही असं ह्यांना सांगितलंस तर हा माणूस आजच संपेल. हात थकले म्हणू. हात काय, सगळ्यांचेच थकतात."

त्या रविवारी बाबा तीनदा पडले. चौथ्यांदा शीड पाण्यातून वर ओढलं आणि कसेबसे परत आले. भोंगा हा त्या काठावरचा मदतीच्या बोटीचा माणूस. त्याला कर्ण्याची गरज पडत नाही म्हणून हे नाव. तो सिमेंटच्या उतारावरून ओरडला, "काय काका, आज तुम्ही शिडाला फिरवलंत की शिडानं तुम्हाला?"

एरवी बाबांनी त्याला सोडला नसता. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, तोंडही तसंच धारदार. त्या दिवशी त्यांनी फक्त तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

"हात गेले, ठमे," ते म्हणाले. घरी आल्यावर आईला म्हणाले, "बोर्ड विकून टाका."

आई त्या रात्री महिन्यानंतर नीट झोपली.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला माझा फोन वाजला. "ठमे, वारा बघ काय सुटलाय! लोळतेस काय अजून?"

मागून आईचा आवाज आला. "अहो, तुम्ही सोडलंत ना ते?"

"मी? ते का?"

"हात थकले म्हणालात."

फोन चालूच होता. मग ते म्हणाले, "हो का." हात गेल्याची बातमी त्यांना पुन्हा पहिल्यांदा कळली होती.

त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी त्यांना घेऊन गेले. आईला म्हटलं, सांगण्यापेक्षा दोर सैल करणं बरं, निदान दहा मिनिटं पाण्यात तरी मिळतील. आईनं त्यांचा टॉवेल पिशवीत भरून दिला.

मी शीड बांधलं. बाबांनी येऊन त्यावरून तळवा फिरवला आणि ते थांबले.

"हे कोणी बांधलं?"

"मी."

"सैल आहे. विसरलीस?"

"विसरले."

"एवढ्यात?" ते हसले. "अगं, वय काय तुझं! आईवर गेलीस अगदी. तिलाही चष्मा कपाळावर असताना चष्मा सापडत नाही."

त्यांनी डोलकाठीच्या बुंध्याला पाय लावला, दोर मुठीला गुंडाळला आणि ओढला. पुरे झालं तिथून आणखी दोन बोटं. मी बाजूला झाले.

ते गेले. इतके सरळ, इतके वेगात, की काठावरची पोरं कपडे बदलता बदलता बघत राहिली. पिवळं तरंगतं पिंप आलं. तिथून वळायचं असतं. ते वळले नाहीत. बऱ्याच पुढे जाऊन शीड पाण्यात पडलं. बाबा बोर्डवर चढून बसले, आमच्याकडे पाठ करून. शीड उचलायचा प्रयत्नही करेनात. वारा आमच्या काठाकडून होता. तो त्यांना हळूहळू आणखी लांब नेत होता.

"काका दमले वाटतं," भोंगा म्हणाला.

"दमले नाहीत. कुठे परतायचं ते त्यांना कळत नाहीये."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होते. भोंग्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बोटीचं इंजिन चालू केलं.

परत आणल्यावर बाबा उतारावर टॉवेल गुंडाळून बसले. दात वाजत होते. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले, "हात थकले असतील."

"हो ना काका, आज वारा जरा..." भोंगा सुरू झाला.

"नाही बाबा," मी म्हटलं. "हातांना काही झालेलं नाही."

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टर, तपासण्या, समोरचा काठ. शेवटी दोराचंही सांगितलं. भोंगा मधेच उठून बोटीकडे गेला.

"तीनदा पडलो?" बाबांनी विचारलं.

"तीनदा."

"आणि तू बघत उभी होतीस."

"हो. चुकले मी, बाबा."

"मला आठवतच नाही तो दिवस," ते म्हणाले. "आठवत नाही ते माफ कसं करायचं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं त्यांनी कागद मागितला. मी भोंग्याच्या वहीतलं एक पान फाडून आणलं. गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहिलं: पाण्यात जायचं नाही. डोकं साथ देत नाही. हातांचा दोष नाही. खाली सही आणि तारीख. तारीख मला विचारली.

"आईला हे आवडणार नाही," मी म्हटलं.

"नसू दे. मला दर रविवारी कोणी गंडवायला नको."

कागद आता त्यांच्या घराच्या बाहेरच्या दारामागे लावलेला आहे, बोर्ड उभा असतो त्याच्या शेजारी. रविवारी मी सहाच्या आत तिथे पोचते. बाबा तयार होऊन येतात, बोर्डला हात घालतात आणि थांबतात. वाचायला अर्धं मिनिट लागतं. स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज बंद होतो.

"ठमे," काल त्यांनी विचारलं, "हे अक्षर माझंच ना?"

"तुमचंच."

त्यांनी पुन्हा वरपासून वाचलं.

"मग खरं असणार," ते म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.