जरा हळू धर

सरूबाईला आंघोळीचं पाणी कढत लागायचं. नुसतं गरम चालायचं नाही. वाफ डोळ्यांत गेली पाहिजे, अंग लाल झालं पाहिजे, तेव्हा कुठं तिला न्हाल्यासारखं वाटायचं. आणि तिची सून मंगल रोज सकाळी त्याच बादलीत गार पाणी ओतायची. बिदरकडच्या चिंताकी गावातल्या त्या घरात दिवस उगवायचा तो या भांडणानं.

"असलं पाणी ढोरं बी तोंडाला लावणार न्हाईत," सासू न्हाणीतून ओरडायची.

"आत्या, डॉक्टरीणबाईंनी कोमटच सांगितलंय."

"तिला काय जातंय सांगायला? खाज तिला सुटलीय व्हय?"

खाज मात्र खरी होती. सरूबाईनं पंच्याहत्तरी कधीच ओलांडली होती. जन्मभर उन्हात खुरपलेल्या हातांची कातडी आता कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. थंडीत नडग्या पांढऱ्या पडायच्या, ती कराकरा खाजवायची आणि रक्त काढायची. शेवटी मंगलनं शाळेत रजा टाकली आणि तिला बिदरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी नीट समजावून सांगितलं. कढत पाणी नको, कपड्याचा साबण तर नकोच. घासायचं नाही, मऊ टॉवेलनं टिपायचं, आणि अंग ओलसर आहे तोवर बिनवासाची क्रीम हलक्या हातानं लावायची.

ऐकायला किती सोपं! मंगल ठाणाकुशनूरच्या शाळेत मास्तरीण होती. वर्गभर पोरं तिच्या नुसत्या बघण्यानं गप व्हायची, पण घरात एक म्हातारी तिला आवरत नव्हती. नखं कापायला घेतली की सरूबाई मूठ आवळायची. क्रीम लावली की, "चिकट लागायलंय, माशा बसतील," म्हणून पदरानं पुसून काढायची. मंगलची पाठ वळली रे वळली की टाचा घासायचा दगड हातांवर फिरू लागायचा. तो दगड मंगलनं परसात भिरकावला, तर दुसऱ्या दिवशी न्हाणीत दुसरा हजर.

आणि वर ते डाग. म्हातारीला ओल्या फरशीवरून उठवताना दंड धरावाच लागे, आणि जिथं धरला तिथं दुसऱ्या दिवशी जांभळं काळं उमटे. कोपर खाटेला लागलं तरी तेच. कातडीखालचा मऊपणा ओसरला की बारक्या नसा नुसत्या दाबानं फुटतात, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण ते मंगलला ठाऊक, शेजारच्या गुरुबाईला थोडंच ठाऊक? गुरुबाईनं डाग पाहून विचारलं, तर सरूबाई सुस्कारा टाकून म्हणाली, "काय सांगू अक्का, सून धरून आंघोळ घालती."

यात एक शब्दही खोटा नव्हता. तरी तो थेट अफजलपूरला, सरूबाईच्या लेकीच्या घरी, जाऊन पोचला.

पंचशीला आली ती ऊसतोडीची घाई घरच्यांवर टाकून. पिशवीत डाळीचं पीठ, आंबेहळद, लिंबं, खोबरेल. चहाही घेतला नाही. आधी आईची बाही वर सारली.

"वैनी, हात कामून काळा पडलाय हिचा?"

"वयानं पडतो, पंचशीला. नुसतं धरलं तरी—"

"माझ्या सासूचं वय बी तेवढंच हाय. तिचा न्हाई पडत."

मंगलनं नवऱ्याकडं पाहिलं. सुगत लाइनमन. दिवसभर खांबावर चढणारा माणूस, पण घरातल्या दोन बायकांच्या मध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला चपला बरोबर सापडायच्या. तो खाली बघत म्हणाला, "मंगल, तूच जरा हळू धरत जा."

नणंदेचं बोलणं तिनं एक वेळ गिळलं असतं. नवऱ्याचं हे मात्र गिळवेना. एवढे दिवस तिनं शाळेची बस चुकवून, हेडमास्तरांची बोलणी खाऊन, या बाईचं एकेक बोट टिपून कोरडं केलं होतं, ते हे ऐकायला? ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून पंचशीला घालील आंघोळ."

पंचशीलानं घातली. पाणी कढत, डाळीचं पीठ दाट, वर लिंबू. न्हाणीतून सरूबाईचं हसू ऐकू आलं. "आता कसं माणसात आल्यावानी वाटायलंय! ही मला नुसती मळकट ठिवायली व्हती." मंगल भाकरी थापत होती. मळकट हा शब्द ऐकून तिची भाकरी तव्याच्या कडेला जाऊन पडली.

थोडे दिवस घरात लेकीचंच राज्य चाललं. मग खाज दुपटीनं उसळली. सरूबाई रडवेली होऊन भिंतीला पाठ घासायला लागली. पंचशीलानं त्यावर जास्त हळद आणि जास्त लिंबू हा उपाय काढला. मंगलनं एकदा तोंड उघडलं, तर, "वैनी, आमाला बी आईची माया हाय," एवढं ऐकून ते मिटलं.

त्या रविवारी न्हाणीतून किंकाळी आली, ती पंचशीलाची. टॉवेलनं खसखसून पुसताना म्हातारीच्या मनगटावरची कातडी ओल्या कागदासारखी सरकून गोळा झाली होती आणि खालून रक्त पाझरत होतं. पंचशीला टॉवेल तसाच घट्ट दाबायला निघाली.

"दाबू नकोस! सोड!" मंगल धावली. तिनं उकळून गार केलेल्या पाण्यानं जखम धुतली, सरकलेली कातडी ओल्या कापसानं हळूच जागेवर आणली, आणि न चिकटणारी पट्टी ठेवून वर सैल फडकं बांधलं. तिचे हात काम करत होते, पण आतून ती नुसती जळत होती. आपलं खरं ठरलं, आणि ते ठरायला या म्हातारीचं रक्त यावं लागलं, याचा तिला आनंद होईना.

औरादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी बदलली. बाहीखालचे जुने डाग बघून, या वयात असं होतंच, म्हणून सासरी कन्नड बोलणाऱ्या पंचशीलाला कन्नडमधून समजावलं. म्हणजे तेच, मंगलनं पहिल्या दिवशी सांगितलेलं. पंचशीला मान डोलवत राहिली. बाहेर येऊन तिनं डोळे पुसले, अफजलपूरला फोन लावला आणि सांगितलं, "आईची कातडीच तशी झालीया, धरलं की डाग पडायलाय. कुणाची चूक न्हाई त्यात."

मंगल शेजारीच उभी होती. तिच्याकडं मात्र कुणी वळलं नाही.

परतीच्या जीपमध्ये सरूबाई आपणहून बोलली. "माझा बाप धम्माची दीक्षा घिऊन आला तवा म्या बारकी व्हते. रोज दगडानं अंग घासायला लावायचा. रगत आलं तरी चालंल, म्हणायचा, पण आपल्या अंगाकडं बघून कुणी नाक धरू नये." मग थोडं थांबून, "आता नुसतं पाणी वतून उठलं की वाटतंय, कुणीतरी नाक धरंल."

मंगलच्या आत काहीतरी हललं. तिच्या आजीनंही असंच घासलं असणार. पण समजलं म्हणून उद्याची आंघोळ सोपी होणार नव्हती, हेही तिला कळत होतं. ती म्हणाली, "आत्या, टाचा घासा. पायजे तेवढ्या घासा. हाताला दगड लावायचा न्हाई."

"बगू," सरूबाई म्हणाली.

पंचशीला दोन दिवसांनी गेली. वाकून मंगलच्या पाया पडली, पण बोलायचं ते बोललीच नाही.

त्या संध्याकाळी मंगलनं क्रीमचा डबा सुगतच्या हातात दिला. "हळू कसं धरायचं ते तुमी दाखवा."

ती शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासायला घेऊन बाहेर बसली. तो आत आईजवळ बसला, बोटावर क्रीम घेतली. क्षणात ओरडा आला. "आरं, किती खडबडीत हात हायत तुझे! खरवडायलास का मला? मंगलला बलाव!"

"मंगल," सुगतनं बाहेर पाहिलं. "ती तुलाच बलवायलीय."

एवढे दिवस जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते हेच का? तेही आलं ते काम घेऊनच. मंगलनं वहीवर लाल खूण केली आणि पान उलटलं.

"आज तुमच्याच हातानं लावा," ती म्हणाली. "तळहातावर चोळून घ्या आधी, हात मऊ हुतो."

आत सरूबाईची कुरकुर बराच वेळ चालली होती. मंगल उठली नाही.