साधी झाडं उपटू नका

माझ्या साडूच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं, आणि उत्तर सुचत नव्हतं असंही नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात दीड वर्ष पडून होतं, आणि उत्तर मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

जन्मभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. कागद हातात आला की बोटं आपोआप लाल पेन्सिल शोधतात. त्यामुळे ते पत्र मी आधी तपासलं आणि मग वाचलं. ऱ्हस्वदीर्घाच्या भरपूर चुका होत्या. मजकूर असा होता:

"साडूभाऊ, आपल्या फुलाचं बी संपलं. मी निवड कडक ठेवली होती. साधी झाडं कोवळी असतानाच उपटून टाकली, भरगच्च तेवढी ठेवली. झाडं देखणी आली, पण एक शेंग धरेल तर शपथ. हवेचा दोष असावा. माईंच्या डब्यात असेल ते चिमूटभर पाठवून द्या. मंडळ फुलाला माझं नाव द्यायचं म्हणतंय. तुम्हाला तसाही त्या बियांचा काय उपयोग?"

'साधी झाडं उपटून टाकली' या शब्दांखाली मी लाल रेघ मारली. त्या वाक्यात शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. मग घडी घालून पत्र खणात टाकलं.

माई म्हणजे माझी बायको. आम्हाला मूल झालं नाही, पण गल्लीतली लहानथोर सगळी तिला माईच म्हणत. हे फूल तिला तिच्या आईकडून आलं. हातभर उंच झाड, राखाडी पानं, जांभळट गुलाबी फुलांचा तुरा आणि वास थेट लवंगेचा. दुकानांत याच्या नव्या जाती मिळतात, रंगाने भडक आणि वासाच्या नावाने शून्य. जुन्याचं बी मात्र घरीच धरावं लागतं. आम्ही त्याला लवंगफूल म्हणायचो. संध्याकाळी खिडकी उघडी असली की मी वाचत असलेल्या पुस्तकाच्या पानांनासुद्धा तो वास लागायचा. अजून काही पुस्तकांना आहे, किंवा मला तसं वाटतं.

या फुलाची एक खोड आहे. एकाच शेंगेतल्या बियांतून निम्मी झाडं भरगच्च फुलांची येतात आणि निम्मी साध्या, चार पाकळ्यांच्या फुलांची. भरगच्च फूल दिसायला राजेशाही, पण त्याला बी कधीच येत नाही. बी फक्त साध्याला. रोपं बोटभर असतानाच ओळखता येतात. फिकट पानांची ती भरगच्च होणार, गडद ती साधी. माई म्हणायची, "भरगच्च त्या मावश्या आणि साध्या त्या आया. मावश्या मिरवतात, संसार आयांचा असतो." आणि मग स्वतःच हसायची, कारण गोतावळ्यात ती सगळ्यांची मावशी होती.

तिने हे सगळं धाकट्या बहिणीला सांगितलं, बियांची पुडीही दिली. बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या साडूने, शेजारी बसून 'फिकट ती भरगच्च' इथपर्यंत ऐकलं आणि तो उठून गेला. त्याचं रंगाचं दुकान आहे, त्याला सगळीकडे घाई. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

आमच्या भागात बागप्रेमी मंडळ आहे. थंडीत शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरतं आणि माइक कायम साडूकडे असतो, कारण माइक त्याचाच आहे. त्या वर्षी त्याने लवंगफुलाच्या कुंड्या मांडल्या आणि 'माझ्या हातची जात' म्हणून त्यांचं वर्णन सुरू केलं. माई माझ्या शेजारी बसली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, बी माझ्या आईचं आहे. मी दिलंय तुम्हाला." तक्रारीचा सूर नव्हता, वेळ सांगावी तसं सांगितलं.

साडू हसला. माइकवर म्हणाला, "आमच्या मोठ्या मेव्हणीबाई! ज्यांच्या घरात काही रुजलं नाही, त्यांनी रुजवण्याच्या गोष्टी कराव्यात का, सांगा मंडळी!"

मंडळी हसली. सगळी नाही, पण पुरेशी. पहिल्या रांगेत माझी मेव्हणी, माईची सख्खी बहीण, तीही हसली.

मी "हा नीचपणा आहे" असं म्हणालो. माझा आवाज मुळातच खिशात ठेवण्याजोगा. तो माझ्या मिशीपलीकडे गेला नाही. घरी येताना माई म्हणाली, "तुम्ही बोललात. मला ऐकू आलं." 

पुढच्या वर्षी ती गेली. त्या बोलण्याने गेली असं मी म्हणणार नाही, फुप्फुसांनी गेली. पण इस्पितळातून शेवटच्या दिवसांत तिने एवढंच विचारलं होतं, "साध्यांना पाणी घालता ना?" मी घालत होतो.

त्यानंतर हे पत्र. 'तुम्हाला तसाही काय उपयोग.'

आधी मनात जे आलं ते फार हलकं होतं. रस्त्याकडेला उगवणारं याच फुलाचं बिनवासाचं भावंड असतं. त्याचं बी पुडीत भरून पाठवावं आणि प्रदर्शनात त्याची फजिती बघावी. रात्री अंथरुणात हे छान वाटलं, सकाळी चहाबरोबर फिकं लागलं. त्यात माईचं काय? फजिती चार दिवसांची, फुलावर नाव त्याचंच राहिलं असतं. पुडी बदलणाऱ्या माणसाला जो चेहरा लागतो तोही माझ्याकडे नाही. पोस्टातच पकडला गेलो असतो.

मग मी मंडळाची नियमावली काढली. ती मीच कधीतरी तपासून दिली होती, फुकट. नियम सरळ होता: जे फूल एकाच सभासदाच्या घरी असेल, त्याला त्या सभासदाचं नाव. घरोघरी असेल, तर लोक म्हणतात ते नाव.

मी पुस्तक मिटलं आणि बटणांच्या डब्यातून माईची पुडी काढली.

त्या वर्षी आमच्या घरात चालायला जागा उरली नाही. गच्चीत, खिडकीत, न्हाणीघराच्या कट्ट्यावर, जुन्या कपाटाच्या खणांत माती भरून, सगळीकडे लवंगफूल. बी चपटं असतं, कडेला कागदासारखी किनार. वर माती भुरभुरायची, दाबायची नाही. गडद रोपं दिसली की मला माझ्याच धीटपणाचं नवल वाटे. एरवी मीही शोभा बघणारा, यंदा साध्याच साध्या वाढवत होतो. शेजारी म्हणाला, "काका, फुलं जरा किरकोळच आलीत यंदा." म्हटलं, "हो." त्याला काय सांगणार, मी फुलं नाही, शस्त्रं वाढवतोय.

इकडे साडूला प्रदर्शनात काही मांडता आलं नाही. नाव देणं एक वर्ष पुढे गेलं. पण तो निर्धास्त होता म्हणे. "पुस्तकातला किडा आहे तो, जाऊन जाऊन कुठं जाणार? देईल."

शेंगा तपकिरी होऊ लागल्या तेव्हा मेव्हणी आली. दारातच थांबली आणि वास घेतला.

"भावोजी, अख्ख्या घराला ताईचा वास येतोय."

मी चहा ठेवला. ती खणातल्या झाडांकडे बघत राहिली.

"दोन चिमट्या बी द्या ना. हे नुसते करवादतात. जेवताना तेच, झोपताना तेच. नावाची पितळी पाटीसुद्धा करून ठेवलीय."

"पाटी पण?"

"पॉलिश करून. मला रोज पुसावी लागते." ती हसली आणि परत झाडांकडे वळली. "पण ही सगळी साधीच का ठेवलीत? आमच्याकडे तर उपटून टाकतात."

"तुमच्या आईने सांगितलं नव्हतं?"

"आईने ताईला सांगितलं. मी फक्त फुलं तोडायला जायचे."

मी कप तिच्यासमोर ठेवला. बशी वाजली. इतके दिवस जे विचारायचं होतं ते त्या आवाजाच्या आड विचारलं. "त्या दिवशी तू हसलीस."

तिने खाली बघितलं नाही, याचं मला अजून कौतुक आहे. "हसले. नसते हसले तर घरी काय ऐकावं लागलं असतं ते तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तरी कुठं ओरडलात?"

"ओरडलो. ऐकू गेलं नाही कुणाला."

"मग मी पण आतून रडले. तेही नाही गेलं कुणाला ऐकू."

खरं सांगतो, त्या क्षणी मी पुडी तिच्या हातात ठेवणार होतो. तिची दया आली. पण दया तिची येत होती आणि बी जाणार होतं त्याच्याकडे. मी म्हटलं, "तुमच्या घरी पोचेल बी. पण सगळ्यांत शेवटी."

"सगळ्यांत म्हणजे?"

मी टेबलाकडे बोट केलं. तिथे पुड्यांचा ढीग होता. प्रत्येकीवर मी माझ्या जुन्या छापखान्यातून चिठ्ठी छापून आणली होती: 'माईचं लवंगफूल. निम्मी झाडं साधी येतील. साधी झाडं उपटू नका, बी त्यांनाच धरतं.' मुद्रित तीनदा तपासलं होतं.

तिने एक पुडी उचलली, वाचली आणि परत ठेवली. चहा संपवला. जाताना म्हणाली, "मी काही बघितलं नाही हं. डोळ्यांत पाणी होतं, दिसलंच नाही काही."

पुड्या वाटणं हे त्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम. मला लोकांच्या दारावर टकटक करता येत नाही. मंडळातल्या शिंपीकाकांच्या जिन्यावरून मी दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच वरून हाक मारली, "अहो, चढता की उतरता, एक काय ते ठरवा!" बँकेतल्या कॅशियरबाईंनी पुडी घेतली आणि मलाच गुलाबाचं कलम दिलं, ते मला जगवता आलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी पुडी उजेडात धरली.

"हे आपल्या रंगवाल्यांचं फूल ना?"

"नाही," मी म्हणालो. "माईचं आहे."

हे एवढ्या मोठ्याने निघालं की बाहेर बसलेल्या पेशंटांनी गालावरचे हात काढून आत बघितलं. डॉक्टरांनी पुडी खिशात ठेवली. "मी होतो त्या दिवशी सभागृहात," ते म्हणाले. "हसलोही होतो बहुतेक. आणखी एक पुडी द्या. माझ्या भावाकडे मोठी बाग आहे."

तेव्हा मला कळलं की मी फक्त बी वाटत नव्हतो.

या थंडीत प्रदर्शन भरलं. मी मागच्या रांगेत, दाराजवळ, लगेच पळता येईल असा बसलो. साडू कोट घालून माइकपाशी. त्याच्या टेबलावर एका नर्सरीतून आणलेली भडक गुलाबी झाडं होती, देखणी, बिनवासाची. शेजारी मखमली कापडाखाली काहीतरी चौकोनी झाकलेलं. त्याला वाटलं असावं, वासाकडे कोण बघतंय.

पण सभागृहात पाय ठेवल्या ठेवल्या लवंगेचा वास येत होता. साडूने कुंड्यांच्या रांगांवर नजर टाकली आणि त्याचा हात मानेकडे गेला.

प्रथेप्रमाणे प्रत्येक कुंडीवरची चिठ्ठी माइकवर वाचायची असते. पहिली कुंडी शिंपीकाकांची. त्याने चिठ्ठी उचलली, वाचली आणि खोकला.

"वाचा की राव," शिंपीकाका म्हणाले. "अक्षर माझं आहे, पण इतकं काही वाईट नाही."

"माईचं लवंगफूल," साडू म्हणाला.

दुसरी कुंडी कॅशियरबाईंची. "माईचं लवंगफूल." डॉक्टरांची. डॉक्टरांच्या भावाची. माझ्या त्या शेजाऱ्याची, ज्याला फुलं किरकोळ वाटली होती. प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा खाली यायचा आणि मागून कुणीतरी ओरडायचं, "ऐकू येत नाही! मोठ्याने!" आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या आवाजाचा चाहता झालो. तो चुकवत होता असंही नाही, प्रत्येक कुंडी त्याने वाचली. वाचावीच लागली. पितळी पाटीवरचं मखमली कापड शेवटपर्यंत हललं नाही.

मध्येच पहिल्या रांगेतून हसण्याचा आवाज आला, मोकळा, सभागृह भरेल असा. माझी मेव्हणी हसत होती. साडूने तिच्याकडे पाहिलं. ती थांबली नाही.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला आणि फुलाचं नाव नोंदवलं. कुणी हात वर करायचीही गरज पडली नाही.

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर मन खाईल. इतक्या पुस्तकांत वाचलंय की सुडाची चव शेवटी कडू लागते. मी वाट बघत बसलो. दिवा लावला, पुस्तक उघडलं, तेच पान बराच वेळ बघत राहिलो. मनाने काही खाल्लं नाही. भूक मात्र लागली, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तर लिहिलं. दीड वर्ष पाठ असलेलं उत्तर कागदावर आलं तेव्हा तसंच आलं नाही. त्यातली दोन विशेषणं मी काढून टाकली. उरलं ते असं:

"साडूभाऊ, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याला हवेचा दोष नाही. बी सोबत पाठवतो आहे. आता ते या भागात घरोघरी आहे. तुमच्याकडेच नव्हतं, म्हणून. निम्मी झाडं साधी येतील. त्या दिवशी तुम्ही अर्ध्यावर उठून गेलात, माईचं उरलेलं वाक्य पुडीवर छापलं आहे. बी तुमच्या पत्नीच्या हाती द्यावं, ते तिच्या आईचं आहे."

पुडी लिफाफ्यात घातली. मग खण उघडून त्याचं जुनं पत्रही काढलं, लाल पेन्सिलीने तपासलेलं, आणि तेही आत सरकवलं. तपासलेलं मुद्रित मूळ लेखकाला परत जातं, हा आमच्या छापखान्याचा रिवाज.

पोस्टाच्या पेटीसमोर मी थोडा वेळ उभा राहिलो. मागे एक बाई लिफाफा घेऊन ताटकळत होत्या. "आजोबा, टाकताय ना?"

"टाकतो," मी म्हणालो, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि टाकलं.