मामाचा मान

शनिवारी सकाळपासून फुमेझा अंगणातल्या चुलीवर कुटलेला मका आणि घेवडा शिजवत होती. तिची जोडीदारीण नोलुवो खुर्च्या पुसून मांडत होती. त्यांची लेक सिफोसेथू हिच्या लग्नाची बोलणी आज व्हायची होती. मुलाकडचे किती गाई देणार ते ठरायचे होते. दक्षिण आफ्रिकेतल्या कोमानी शहराजवळच्या त्या गावात ही बोलणी मुलीचा बाप नाहीतर मामा करतो. या घरात बाप नव्हता, दोन आया होत्या. म्हणून फुमेझाने आपल्या थोरल्या भावाला, झोलिलेला, निरोप धाडला होता.

नोलुवोला ते मुळीच पटले नव्हते. इतक्या वर्षांत ज्याने उंबरा ओलांडला नाही त्याला आजच कशाला, असे तिने विचारले. मामाचा मान मामाला मिळायलाच हवा, एवढेच फुमेझा म्हणाली. तिचा तो थंड सूर ऐकून नोलुवोने पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसायला घेतली.

सिफोसेथू या घरी आली तेव्हा जेमतेम पावले टाकत होती. दोन बायकांना मिळून मूल दत्तक घेता येईल, असा निकाल तेव्हा नुकताच लागला होता. कायदा त्यांच्या बाजूने होता. सख्खा भाऊ मात्र बाजूने नव्हता. दत्तकाच्या सुनावणीत झोलिले उभा राहिला आणि म्हणाला, असल्या घरात पोर नासेल, आमच्या कुळात ती कुणाचीच कुणी नाही. तेवढ्यावर चौकशी लांबली आणि पोर पुन्हा अनाथाश्रमात गेली. निकाल अखेर आयांच्या बाजूने लागला, पण परत आलेली पोर बोलत नव्हती. उशीखाली पावाचे तुकडे लपवायची. दार वाजले की पलंगाखाली शिरायची. पुढे तिला पूर्वजांसमोर न्यायचे ठरले, तेव्हाही झोलिलेने वडिलांच्या गोठ्याचे, जिथे पूर्वजांचा वास असतो असे मानतात त्या जागेचे, फाटक लावून घेतले.

दुपारी तो आला तो कडक इस्त्रीचा कोट घालून. सरळ मधल्या खुर्चीत बसला. मुलाकडचे पाहुणे आले. त्यांच्यातला वडीलधारा, बोनखेलेबाबा, याने रीतीप्रमाणे विचारले, "बोलायचं कुणाशी?"

झोलिलेने घसा खाकरला. तेवढ्यात फुमेझा पुढे झाली.

"थांब दादा. आधी कोर्टात माझ्या लेकीबद्दल काय बोलला होतास, ते या मंडळींना सांग. शब्द न् शब्द."

नोलुवोने तिचा हात धरला. "अगं, पोरीचं कार्य आहे," ती पुटपुटली. फुमेझाने हात सोडवून घेतला.

झोलिले जमिनीकडे बघत राहिला. जुन्या गोष्टी चारचौघांत कशाला, असे काहीतरी तो बोलला.

"चारचौघांतच बोलला होतास ना? मग आज का जीभ अडते? गाई यायच्या म्हटल्यावर आमची पोर तुझी भाची झाली होय?"

बोनखेलेबाबाने टोपी उचलली. आता हे उठून जाणार, असे नोलुवोला वाटले. झोलिलेने वर पाहिले. "मी म्हणालो होतो," तो अखेर म्हणाला, "की ती कुणाचीच नाही. चुकलं माझं."

"मला नको सांगूस. जिच्या बाबतीत चुकलास तिला सांग."

नवरी मुलीने बोलणी चालू असताना बाहेर यायचे नसते. तरीही आतले दार उघडले. अंगाभोवती शाल गुंडाळलेली सिफोसेथू मामासमोर येऊन उभी राहिली. तो तोंड उघडणार, त्याआधीच ती शांतपणे म्हणाली, "मामा, जेवल्याशिवाय जाऊ नका. पण या खुर्चीवरून उठा. ती माईची आहे."

माई म्हणजे नोलुवो. मग बोनखेलेबाबाने टोपी गुडघ्यावर ठेवली. "आमच्या बापजाद्यांनी बाईशी अशी बोलणी केली नाहीत," तो सावकाश म्हणाला. "पण जिनं पोर वाढवली तिला सोडून त्या पोरीचं मोल दुसऱ्या कुणाशी करू? बसा बाई."

झोलिले उठला. नोलुवो बसली, पहिली गाय मागताना तिचा आवाज कापला, दुसरीला कापला नाही.

मामाला अंगणातल्या गोठ्याच्या सावलीत ताट वाढले होते. घरातून हसण्याचा आवाज येत होता आणि तो एकेक घास सावकाश खात होता. फुमेझा दारात उभी होती. आत ये, असे ती म्हणाली नाही, आणि निघून जा, असेही नाही. ताट रिकामे होईपर्यंत तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.